आईने मान वर केली

१५ डिसेंबर २०२३, शुक्रवार. सत्तरी, गोवा.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही, तरी आत्ताच लिहून ठेवते.

काल मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. द्वितीयेची कोर आठच्या आतच मावळली, तेव्हाच ठरवलं की आज अंगणात झोपायचं. मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाची हीच रात्र. ऑगस्टमधल्या ययाती तारकासमूहातल्या उल्का आम्हा गोवेकरांच्या नशिबी नाहीत, तेव्हा आभाळ पावसाने झाकलेलं असतं. डिसेंबर मात्र आपला. किनाऱ्याकडे आता रात्रीही आभाळ पांढुरकं दिसतं, इथे कुळागराच्या, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेच्या, वर अजून काळोख आहे.

आई यायला तयार नव्हती. एकाहत्तर वर्षांची झाली, पण तारा तुटताना तिने मुद्दाम असा कधी पाहिलाच नाही. आजीने शिकवलेलं, तारा तुटला की कुणाचा तरी जीव गेला, मान खाली घालायची आणि देवाचं नाव घ्यायचं. आई आयुष्यभर तेच करत आली. मी हट्टच धरला, तेव्हा वाकळ घेऊन आली.

साडेबाराच्या सुमारास पहिली मोठी उल्का पडली. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांकडून निघाली आणि मृगाच्या अंगावरून खाली माडांच्या शेंड्यांपर्यंत गेली. आधी पांढरी, मग पिवळसर, शेवटी क्षणभर हिरवट. आवाज काही नाही. आईचा हात सवयीने कपाळाकडे गेला, पण मान वरच राहिली.

"केवढी असते गो ती?" तिने विचारलं.

"बहुतेक वाळूच्या कणाएवढ्या. एखादी वाटाण्याएवढी."

तिला ते पटेना. मग सांगितलं, जमिनीपासून शंभरेक किलोमीटर वर, सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने तो कण हवेत घुसतो. पुढची हवा दाबली जाऊन भयंकर तापते, कणही जळतो, आणि दिसतो तो त्या दोन्हींचा उजेड. तारे आपल्या जागी असतात, त्यातला एकही तुटत नाही. बहुतेक उल्का धूमकेतूंच्या धुळीच्या, पण या उल्का फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या. तो १९८३ साली एका उपग्रहाने शोधला. दीड वर्षाच्या आत तो सूर्याभोवती एक फेरी मारतो, सूर्याच्या अगदी जवळून जातो, आणि त्याची धूळ वाटेवर पसरून राहिलेली आहे. पृथ्वी दर डिसेंबरात त्या धुळीतून जाते.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे कुणी मरत नाही."

"नाही."

तिचे वडील गेले त्या रात्री तिने तारा तुटलेला पाहिला होता, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला होता. तेव्हा ती नऊ वर्षांची. मला हे आजवर ठाऊक नव्हतं. काय बोलावं ते सुचलं नाही, मी नुसता तिचा हात धरला. दंवाने वाकळ ओली झाली होती आणि तिची बोटं गार होती. त्याच बोटांच्या पेरांवर ती मोजत होती. अडीचपर्यंत त्रेसष्ट झाल्या. माझ्या कितीतरी कमी, मी बोलण्यात चुकवल्या.

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेला तेव्हा ती पुढच्या वर्षीचं कॅलेंडर उघडून बसली होती.

"२०२४ ला याच वेळेस दत्तजयंती येते गो. पौर्णिमा."

"हो, चंद्राच्या उजेडात बारीक दिसणार नाहीत."

"मोठ्या तरी दिसतील ना?"