राहुटीचा ट्रक आला नाही तर

सोलापूर, तिऱ्हे, कामती, बेगमपूर, माचणूर, मंगळवेढा आणि पंढरपूर, ही वाट आमची दिंडी आषाढीला चालते. मुक्काम ठरलेले असतात, पण ते तसेच होतील असं धरून चालत नाही. इथली काळी जमीन तसं करू देत नाही. दोन तास पाऊस लागला की रानात ट्रक रुततो, राहुटीच्या खुंट्या अलगद वर येतात. नेहमीच्या खुंट्या चिखलात धरत नाहीत. मग शाळेची पडवी, देवळाचा मंडप, नाहीतर मुरमाड उंचवटा.

म्हणून एका रात्रीचं सामान ट्रकमध्ये नाही, पडशीत. माणशी ४ कडक भाकरी, मूठभर शेंगाचटणी, बॅटरी, रोजची औषधं, कोरडे मोजे २ जोड, अंगावर आणि अंगाखाली पुरेल एवढा प्लास्टिकचा कागद. भाकरी फडक्यात बांधू नका. पावसाळी हवेत ती संध्याकाळपर्यंत मऊ पडते आणि मग बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि पिशवीची गाठ घट्ट हवी. सोलापुरी चादर मात्र ट्रकमध्येच बरी. भिजली की खांद्याला ओझं, आणि दोन दिवस वाळत नाही.

जागा बदलली की आमच्याकडे एकच रीत. वीणा थांबते, दिंडी थांबते, आधी माणसं मोजायची. "माउली, मी पुढं जाऊन जागा बघतो," असं म्हणून दहाजण दहा दिशांना गेले की रात्र शोधाशोधीतच जाते. जागा बघायला दोघंच जातात, बाकीचे हरिपाठ धरतात. हरिपाठात बसलेला माणूस चिडत नाही, हे आम्ही मनापासून मानतो.

ओल्या लाकडांवर भाकरी थापायच्या नादी लागू नये. गॅसच्या शेगडीवर खिचडी: शंभर माणसांना १२ किलो तांदूळ, ५ किलो मूगडाळ. मूगच, कारण तूरडाळ शिजायला वेळ घेते.

पायाला फोड आला तर सुई तापवून, निववून कडेला टोचा, पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा. दोरा ओवून ठेवायची जुनी सवय सोडा. ओला दोरा चिखलाची घाण आत नेतो.

शेवटचा बदल पंढरपुरात. उजनीतून पाणी सोडलं की चंद्रभागा फुगते, पुंडलिकाच्या देवळाला पाणी लागतं. तेव्हा पात्रात उतरायचं नाही. घाटाच्या वरच्या पायरीवर बसून तांब्यानं अंगावर पाणी घ्यायचं, म्हाताऱ्यांना मधे बसवून.