अडतीस टक्के, पण कशाचे?

पावसाळा लागला की आमच्याकडे सकाळचा चहा मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांच्या साठ्याच्या टक्क्यांबरोबर होतो. आई पेपर उघडते आणि कुणी विचारायच्या आत सांगून मोकळी होते, ‘सत्तेचाळीस. काल पाच कमी होते.’ मग भातसा, तानसा, मोडकसागर, वैतरणा. लांबच्या नातेवाइकांची ख्यालीखुशाली सांगावी तशी एकेकाची. मला या टक्क्यांबद्दल कधी शंका आली नव्हती. टक्के म्हणजे टक्के, त्यात विचारायचं काय? ती शंका यायला लॅपटॉप बंद पडावा लागला.

लॅपटॉप जुना, लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेला. भाच्यानं त्यावर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली आणि ते यंत्र पुन्हा तरणंताठं झालं. माझं काम अनुवादाचं, म्हणजे बहुतेक वेळ घरातच, टेबलाशी. एकदा दादरला एका मित्राच्या छापखान्यात प्रुफं वाचायला गेलो आणि चार्जर भांडुपला राहिला. कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चिन्हावर अडतीस टक्के होते. एवढ्यात दोन प्रकरणं होतील असा हिशेब करतोय तोच स्क्रीन काळी. आधी सूचना नाही, कुरकुर नाही, कारण कुरकुर करायची ती वीस टक्क्यांना असं त्याचं ठरलेलं. दीड पान गेलं.

घरी आल्यावर मी केलं ते कुणीही करतं. रीस्टार्ट. मग अपडेट. मग ते चिन्हच काढून टाकलं आणि दुसरं बसवलं, जे टक्के दशांशात दाखवत होतं. आता ते चुकत होतं, पण दशांशासकट.

शेवटी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘मामा, तू नोटीसबोर्ड बदलतोयस. टाकी कोण बघणार?’

आमच्या सोसायटीत टाकी वॉचमनकाका बघतात. गच्चीवर जातात, काळ्या टाकीवर बोटाच्या पेरानं खालून वर टकटक करत जातात, आणि जिथे आवाज भरीव होता तो पोकळ होतो तिथे थांबतात. मग खाली येऊन सेक्रेटरींना सांगतात, आणि सेक्रेटरी ग्रुपवर टाकतात. लॅपटॉपमध्येही अशीच उतरंड आहे. बॅटरीच्या पोटातली चिप मदरबोर्डवरच्या एका छोट्या कंट्रोलरला सांगते, तिथून एसीपीआय नावाच्या ठरावीक भाषेत ते कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कळतं, कर्नल यूपॉवर या बॅटरीची खबर ठेवणाऱ्या प्रोग्रामला सांगतो आणि यूपॉवर त्या चिन्हाला. मी भांडत होतो ते या सगळ्यांत शेवटच्याशी.

‘कर्नल काय म्हणतो ते बघ,’ म्हणत भाच्यानं फोल्डरचा पत्ता दिला. आधी सिस, त्यात क्लास, त्यात पॉवर सप्लाय, त्यात बॅट झीरो. वाडी, चाळ, मजला, खोली. बॅट झीरो हे नाव वाचून मला शिवाजी पार्कवरचे माझे बहुतेक सगळे डाव आठवले, पण ते असो. आत छोट्या छोट्या फायली होत्या, प्रत्येकीत एकच ओळ. स्टेटस: डिस्चार्जिंग. एनर्जी फुल डिझाइन: ५७०२००००. एनर्जी फुल: ३१४०००००. हे मायक्रोवॉट-तास, म्हणजे उजवीकडचे सहा आकडे बोटानं झाकायचे. कारखान्यातून निघताना बॅटरीत ५७ वॉट-तास मावत होते, आता ३१ मावतात.

मी बघतच राहिलो. म्हणजे हे पठ्ठ्या रोज ज्याला शंभर टक्के म्हणत होतं, ते ३१चे शंभर! पेला निम्म्याला आला, पण काठोकाठ भरलाय हे तेवढ्याच आत्मविश्वासानं सांगणार. बरं, तेही मान्य केलं. पण शंभरावरून अडतीसवर येऊन यंत्र मेलं, म्हणजे बासष्ट टक्के वापरले. ३१चे बासष्ट टक्के म्हणजे साडेएकोणीसच्या आसपास. खरा पेला तेवढाच. मग ३१ कुणी सांगितले?

चिपनं. आणि तिचाही फार दोष नाही. लिथियम-आयन बॅटरीवर टकटक करून भागत नाही. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो आणि अगदी शेवटाला एकदम कोसळतो. म्हणून चिप नुसता व्होल्टेज बघत नाही, किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला याची जमाखर्चाची वही ठेवते. वहीत रोज थोडी चूक साठते. बॅटरी भरून पार तळाला गेली की मगच चिपला कळतं, अरे, आता एवढंच मावतं. आणि माझी बॅटरी तळाला कधी गेलीच नव्हती. याला कारण मुंबई. इथे लाइट जात नाहीत. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी अख्ख्या शहराची वीज गेली, त्याची आठवण लोक अजून काढतात, इतकं ते अप्रूप. वर्षानुवर्षं चार्जर लावलेला, परीक्षाच नाही, मग ही चिप जुनीच मार्कशीट दाखवत बसली.

उपाय सोपा आणि कंटाळवाणा निघाला. बॅटरी शंभर करायची, चार्जर काढायचा आणि बायॉसच्या, म्हणजे लिनक्स सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या, पडद्यावर यंत्र सोडून द्यायचं, कारण तिथे त्याला मध्येच झोपवायला लिनक्स नसतं. रविवारी दुपारी लॅपटॉप टेबलावर तसा उघडा ठेवला.

‘हे काय लावलंयस? यात काहीच दिसत नाही,’ आई.

‘रिकामं करतोय. पूर्ण.’

‘म्हणजे एकादशी.’

चारच्या सुमारास एकादशी संपली, म्हणजे पडदा विझला. मग मध्ये न काढता पारणं, पुन्हा शंभरपर्यंत. रात्री बॅट झीरोच्या खोलीत डोकावलो. एनर्जी फुल: १९८०००००. दहा वॉटच्या वापराला जेमतेम दोन तास. बॅटरी कणभरही सुधारली नव्हती, फक्त आता खरं बोलायला लागली होती. नवीन घ्यावी लागेलच, पण या महिन्यात नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. आई म्हणाली, ‘एकावन्न.’

‘कशाचे?’ मी विचारलं.

तिनं चष्म्यावरून बघितलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. सात तलाव मिळून चौदा लाख सत्तेचाळीस हजार तीनशे त्रेसष्ट दशलक्ष लिटर, त्याचे. तिला पाठ असावं. शिवाय शून्य झालं तरी भातसा आणि अप्पर वैतरणात राखीव साठा असतो, हेही वर सांगितलं. मग तिनं माझ्या बॅगेकडे मान वळवली.

‘तुझ्या त्याला असतो का राखीव?’

असतो. शून्य टक्क्यांनाही सेलमध्ये थोडं काही उरलेलं असतं, ते ओढून काढलं तर सेलच बाद होतो.

‘असतो, पण काढायची परवानगी नाही.’

‘इथे तरी कुठे लगेच देतात,’ म्हणत तिनं पान उलटलं. मी चार्जर गुंडाळून बॅगेत टाकला आणि नऊ दहाची लोकल गाठायला निघालो.