स्वतःची रायफल घेऊन साउथ आफ्रिका: ह्यूस्टन ते वॉटरबर्ग, कागदपत्रं आणि बाकीच्या भानगडी

आधीच सांगून टाकतो, साउथ आफ्रिकेत शिकारीला जायचं तर स्वतःची रायफल नेलीच पाहिजे असं काही नाही. आउटफिटरकडे, म्हणजे शिकारीची सगळी सोय करणाऱ्याकडे, भाड्याच्या रायफली असतातच, चांगल्या स्कोपवाल्या, आणि बऱ्याचदा पुढे सायलेन्सरही लावलेला, कारण तिथे सायलेन्सरला वेगळं लायसन लागत नाही. मग मी का नेली? तर माझी थर्टी-ऑट-सिक्स कॅलिबरची टिक्का रायफल टेक्सासात हरणांवर आणि रानडुकरांवर वर्षानुवर्षं चाललीय, तिचा ट्रिगर नेमका कुठे सुटतो ते बोटाला पाठ आहे, आणि कुडू (मोठ्या पिळदार शिंगांचं तिथलं हरीण) झुडपाआड अर्धाच दिसतोय अशा वेळी हातात परकी बंदूक नको असं मला वाटतं. हे आपलं माझं मत. बरोबरच्या मित्राने भाड्याची घेतली आणि त्याचं काहीही अडलं नाही, उलट प्रत्येक एअरपोर्टवर तो निवांत कॉफी पीत बसायचा आणि मी काउंटरवर उभा.

शिकार करावी की नाही हा वाद इथे घालत नाही, भारतात १९७२ च्या कायद्याने ती बंद झाली ते योग्यच झालं, आफ्रिकेतल्या खासगी फार्मवरचा हिशोब वेगळा आहे. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

तर पहिली गोष्ट, रूट. कोणता स्कोप, कोणती बुलेट यावर लोक महिनोन्महिने डोकं लावतात आणि तिकीट मात्र सगळ्यात स्वस्त दिसेल ते मारून मोकळे होतात, इथेच घोळ सुरू होतो. मधे ज्या देशात विमान बदलाल त्या देशाचे बंदुकीचे नियमही तुमच्या मागे लागतात. ॲमस्टरडॅममार्गे जाणार असाल तर बंदूक नुसती एका विमानातून दुसऱ्यात जाणार असली तरी डच कस्टम्सची परवानगी आधीच काढून ठेवावी लागते, आणि बाकी युरोपमार्गे जातानाही एअरलाइनला लेखी विचारल्याशिवाय पैसे भरू नका. अमेरिकेतल्या अमेरिकेत पण हेच आहे, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीचे एअरपोर्ट बंदुकीसोबत शक्यतो टाळा. २००५ मध्ये यूटाहचा एक माणूस पेनसिल्व्हेनियाला चालला होता, नेवार्कला त्याची कनेक्टिंग फ्लाइट चुकली, बॅग त्याच्या हातात दिली, तो रात्री हॉटेलवर राहिला आणि सकाळी काउंटरवर बंदूक डिक्लेअर केली तर थेट अटक. प्रवासात बंदूक नेणाऱ्यांना १९८६ च्या फेडरल कायद्याचं संरक्षण आहे असं सगळे म्हणतात, पण त्याने केलेला दावा कोर्टात टिकला नाही, कारण मधल्या मुक्कामात बंदूक त्याच्या हाताशी होती. म्हणून आम्ही अटलांटाहून जोहान्सबर्गची डायरेक्ट फ्लाइट घेतली, पंधरा-सोळा तास बसून पाठ मोडते पण मधे कोणाला तोंड द्यावं लागत नाही.

आता अमेरिकेतला मुख्य कागद म्हणजे कस्टम्सचा फॉर्म ४४५७, बंदूक जाण्याआधीपासून तुमचीच होती याची नोंद. हा निघण्याच्या बराच आधी करून ठेवा, निघायच्या दिवशी एअरपोर्टवर करू म्हणू नका. रायफल लॉक केलेल्या केसमध्ये घालून सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकन कस्टम्सच्या, ऑफिसात स्वतः जायचं, जायच्या आधी फोन करायचा म्हणजे ऑफिसर बंदूक बघायला असेल की नाही ते कळतं आणि पार्किंगमधून केस आत कशी आणायची तेही ते सांगतात. ऑफिसर सीरियल नंबर बघतो, शिक्का मारतो, सही करतो, फी शून्य. स्कोप, दुर्बिण, रेंजफाइंडर महागातले असतील तर तेही त्याच फॉर्मवर लिहून घ्या, आणि खाली ज्या ओळी रिकाम्या राहतील त्यांच्यावर काट मारून घ्या. एक बारीक गोष्ट, फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात एक एक्स्पायरी डेट छापलेली असते, ती खरं तर फॉर्मच्या छपाईची आहे, तुमच्या नोंदणीची नाही, पण साउथ आफ्रिकन पोलिसांनी तेवढ्यावरून लोकांना अडवलेलं आहे. तिथे रात्री काउंटरवर अमेरिकन सरकारी फॉर्मचं व्याकरण समजावत बसण्यापेक्षा ताजी तारीख असलेला फॉर्म घेऊन जा.

आपल्या लोकांसाठी खास. भारतीय पासपोर्टवर मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव, ते गिव्हन नेममध्ये चिकटलेलं असतं, मग तिकिटावर ते पहिल्या नावाला जोडून येतं, ड्रायव्हिंग लायसनवर नुसतं इनिशियल, आणि आउटफिटरने पाठवलेल्या इन्व्हिटेशन लेटरवर ते गायबच. बाकी प्रवासात हे चालून जातं, बंदुकीच्या बाबतीत चालत नाही. पासपोर्टवर जसं आहे तसंच्या तसं नाव ४४५७ वर, तिकिटावर, इन्व्हिटेशनवर आणि साउथ आफ्रिकेच्या फॉर्मवर, अक्षर न अक्षर. आउटफिटरला पासपोर्टचा फोटो पाठवा आणि हेच नाव टाइप कर म्हणून सांगा.

आणि स्टेटसचं पण बघा. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर शिकारीसाठी तीन बंदुका आणि हजारापर्यंत काडतुसं वेगळ्या एक्सपोर्ट लायसनशिवाय तात्पुरती बाहेर नेता येतात, आपल्याला एवढं लागतंय कशाला. एच-१बी वाल्यांना कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन असेल तर अमेरिकेत बंदूक बाळगता येते, पण बाहेर नेऊन परत आणायची म्हटली की एटीएफ या बंदुकांच्या फेडरल खात्याचं वेगळं इम्पोर्ट परमिट लागतं, त्यांना माझा सरळ सल्ला आहे की भाड्याची घ्या. शिवाय भारतीय पासपोर्टवाल्यांना, ग्रीन कार्ड असलं तरी, साउथ आफ्रिकेचा व्हिसा काढावा लागतो, अमेरिकन पासपोर्टला ९० दिवसांपर्यंत लागत नाही.

तिकडचा फॉर्म म्हणजे एसएपीएस ५२०, बंदूक तात्पुरती आणायच्या परमिटसाठी साउथ आफ्रिकन पोलिसांकडे करायचा अर्ज. काळ्या शाईनेच भरायचा, निळं पेन घरी ठेवा, आणि सही करायची नाही, सही तिथल्या ऑफिसरसमोर. सोबत पासपोर्टची कॉपी, रिटर्न तिकीट, इन्व्हिटेशन लेटर, ४४५७, आणि ही बंदूक कशासाठी आणतोय याचं स्वतःचं छोटं पत्र. वयाची अट २१. एका कॅलिबरची एकच बंदूक, आणि प्रत्येक बंदुकीमागे जास्तीत जास्त २०० काडतुसं, तीही त्याच कॅलिबरची, खिशात चुकून दुसऱ्या कॅलिबरचं एक जरी निघालं तरी तुमची रात्र गेली. एआर टाइप सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणारी) विसरा, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करायची बोल्ट ॲक्शन बरी. अमेरिकेतला स्वतःचा सायलेन्सरही घरीच ठेवा, तो बाहेर काढायचे सोपस्कार इतके आहेत की विचारू नका. थोडे पैसे घेऊन परमिट आधीच काढून देणारे एजंट आहेत, आउटफिटरच्या ओळखीचा असेल तर जरूर घ्या, पहिल्यांदा जाणाऱ्याला तेवढे पैसे वसूल आहेत.

पॅकिंग. कडक केस, सगळ्या भोकांना कुलूप, एक बाजू जरी उचकटून बोट आत जात असेल तरी ती केस चालत नाही. बोल्ट काढून फोममध्ये वेगळा. किल्ली तुमच्याच खिशात, चेक-इन झाल्यावर टीएसएवाले (अमेरिकन एअरपोर्टची सिक्युरिटी) तपासून सोडेपर्यंत तिथून हलू नका, नाहीतर तुम्ही सिक्युरिटीच्या पलीकडे आणि तुमची केस अलीकडे. काडतुसं कंपनीच्या मूळ खोक्यात, आणि अमेरिकेत केसमध्ये चालत असली तरी परदेशी प्रवासाला ती छोट्या कुलूपबंद डब्यात घालून दुसऱ्या सूटकेसमध्ये टाकलेली बरी. एअरलाइनची मर्यादा साधारण ५ किलो, शंभर काडतुसं अडीच किलोच्या आसपास भरतात, आणि तेवढी लागत नाहीतच, मी तीन खोकी नेली आणि त्यातली बरीचशी परत आणली. बंदूक साफ करायचं सॉल्व्हंट ज्वलनशील असतं ते न्यायचं नाही, तेल-चिंधी फार्मवर मिळते.

जोहान्सबर्गला विमान संध्याकाळी उतरतं. केस नेहमीच्या बेल्टवर येईल म्हणून वाट बघत बसू नका, ती पोलिसांच्या फायरआर्म ऑफिसकडे जाते, तिथे जाऊन लाइनीत लागायचं. वाटेत दोन-तीन जण "मी मदत करतो सर" म्हणत ट्रॉलीला हात घालतील, गोड हसून नको म्हणा, परमिटला फी नसते. काउंटरवर एक मॅडम होत्या, निळा युनिफॉर्म, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी केस उघडायला लावली, रायफल उजेडात तिरकी धरली आणि सीरियल नंबरच्या एकेका आकड्यावर नख ठेवत मोठ्याने वाचत गेल्या, शेजारचा पोलीस ते ५२० वर आणि मग ४४५७ वर टिक करत होता. एक आकडा थोडा घासलेला होता तर टॉर्च मागवली. मग काडतुसांची खोकी उघडून मोजली, फॉर्मवर साठ लिहिलेत तर साठच. माझ्या पुढच्या माणसाच्या कागदावर आठच्या जागी बी वाचला जात होता, तो माझ्या आधी आला आणि माझ्या नंतर गेला. म्हणून नंबर घरी दोघांनी मिळून तपासा, एकाने बंदुकीवरून वाचायचा, दुसऱ्याने कागदावरून. मग सही, परमिट, आणि परमिटचा लगेच मोबाइलवर फोटो.

त्या रात्री पुढे जाऊ नका. आउटफिटर घ्यायला येणार असेल तर ठीक, नाहीतर एअरपोर्टजवळचं असं गेस्टहाउस घ्या जिथे गन सेफ आहे, बुक करतानाच विचारा, शिकारी येत-जात असल्याने बऱ्याच ठिकाणी असते. बंदूक गाडीत सोडून जेवायला जायचं नाही, कायद्यानेही नाही आणि जोहान्सबर्गमध्ये तर अकलेनेही नाही. तिथून ईस्टर्न केपला डोमेस्टिक फ्लाइटने जाणार असाल तर दोन फ्लाइटमध्ये चार-पाच तास तरी ठेवा किंवा सरळ दुसऱ्या दिवशीची घ्या.

आम्ही सकाळी एन-१ हायवेने उत्तरेला, मोडिमोलेला वळून आर-३३ ने वॉटरबर्ग भागातलं वालवॉटर, तीनेक तासांचा रस्ता. वॉटरबर्गचा भाग मलेरियामुक्त आहे त्यामुळे गोळ्यांची कटकट नाही, पण जून-जुलैच्या पहाटे उघड्या बक्कीवर (पिकअप ट्रकवर) मागे उभं राहून बघा, हातमोजे आणि कानटोपी न्या, आफ्रिका म्हणजे उकाडा हे डोक्यातून काढा. पोचल्या पोचल्या पहिलं काम, खोक्यावर काळं वर्तुळ काढून १०० यार्डांवर झीरो तपासायचा, म्हणजे स्कोपमधून धरलेल्या नेमावर गोळी लागते का ते बघायचं. माझी घरी दीड इंच वर लागायची ती इथे दोन इंच डावीकडे लागली, विमानात कोणी केस कशी आपटली कोण जाणे. स्कोपच्या बटणाचे चार क्लिक... पुन्हा चार क्लिक, मग जागेवर. पीएच, म्हणजे सोबतचा प्रोफेशनल हंटर, शेजारी दुर्बिणीतून बघत असतो आणि खरं सांगायचं तर तो रायफलपेक्षा तुम्हालाच तपासत असतो.

घरी बेंचवर बसून गोळ्या झाडण्यात फार अर्थ नाही. तिथे सगळं तीन पायांच्या शूटिंग स्टिकवर, उभ्याने, धापा टाकत. घरी त्याचाच सराव करा. १८० ग्रेन वजनाची चांगली बाँडेड (सहज तुकडे न होणारी) बुलेट छोट्या इम्पाला हरणापासून कुडूपर्यंत पुरली, नेम जनावराच्या खांद्यावर थोडा खाली धरायचा, आफ्रिकेतल्या जनावरांचं हृदय आपल्या टेक्सासातल्या व्हाइटटेल हरणापेक्षा पुढे आणि खाली असतं, हे पीएचने पहिल्याच संध्याकाळी कोळशाने भिंतीवर कुडू काढून दाखवलं. कुडू तिसऱ्या सकाळी मिळाला, त्याचं वर्णन करत बसत नाही. मांस सगळं फार्मवरच राहतं, काही मजुरांच्या घरी, काही खाटकाकडे, आणि बिलटाँगला (तिथलं वाळवलेलं मांस) तर व्हिनेगर आणि भरडलेले धणे लावून वाळवतात, त्यामुळे वासाने मला आमच्या घरचा मसाला आठवला. पण एक तुकडासुद्धा अमेरिकेत आणता येत नाही, तिथेच खाऊन या. शिंगं-कातडी नंतर कार्गोने येतात, त्याचं बिल शिकारीच्या बिलात धरलेलं नसतं, आधी विचारा. वॉर्टहॉग (तिथलं रानडुक्कर) असेल तर स्वाइन फीव्हर या डुकरांच्या रोगामुळे नियम जास्त कडक.

परत येताना आधी पोलीस ऑफिसात परमिट दाखवून बंदूक तपासून घ्यायची, मग एअरलाइनचा काउंटर, त्यामुळे एअरपोर्टवर चार तास आधी. उरलेली काडतुसं मोजून ठेवा. अटलांटाला कस्टम्समध्ये ४४५७ दाखवला की झालं, पण पुढच्या फ्लाइटसाठी बंदूक पुन्हा डिक्लेअर करायची असते, ती आपोआप पुढे जात नाही.

आणि कोणाच्या डोक्यात येत असेल की आलोच आहोत तर जोहान्सबर्गहून तसंच मुंबईला जाऊन आई-बाबांना भेटून येऊ, तर रायफल बरोबर असताना अजिबात नको. इतकंच नाही, शिकारीला किंवा रेंजवर वापरलेली बॅगसुद्धा भारतात नेऊ नका. अस्तराच्या फटीत राहिलेलं एक जिवंत काडतूस स्कॅनरवर दिसलं की आर्म्स ॲक्टखाली केस होते, अशा कितीतरी केसेस भारतातल्या एअरपोर्टवर झाल्यात, पुढे कोर्टात सुटतातही लोक, पण तोवर सुट्टी, तिकीट आणि घरच्यांचं बीपी सगळं गेलेलं असतं. पुण्याला जायची बॅग वेगळी ठेवा.