बाकीचे कुठे गेले?

पिकअप, म्हणजे आयव्हीएफसाठी बाईंची स्त्रीबीजं बाहेर काढणं, झालं, डिशमध्ये 14 बीजं मोजली आणि आकडा बाहेर कळवला. गुंगीतून जेमतेम बाहेर आलेल्या बाईंना सिस्टरांनी तो लगेच सांगितला, "चौदा मिळाली, भरपूर आहेत!" मला तेव्हाच खटकलं. पहिल्या दिवशीचा आकडा एकटा कधीच सांगू नये. पुढे तो रोज घटणार असतो, हे त्याच वेळी सांगायला हवं. आमच्याकडे ते कुणीच नीट सांगत नाही.

मी आयव्हीएफच्या लॅबमध्ये एम्ब्रिऑलॉजिस्ट आहे, म्हणजे बीजं आणि गर्भ सांभाळणारी. जोडप्यांना माझा बहुधा फोनवरचा आवाजच माहीत असतो.

बीजांभोवतीच्या पेशी काढल्यावर 11 पक्व निघाली. पक्व बीजाच्या कडेला इवलासा ध्रुवपिंड दिसतो. तो नसेल तर त्यात शुक्राणू सोडून उपयोग नाही. मग इक्सी, म्हणजे एकेका बीजात एकेक शुक्राणू सुईने सोडणं. शुक्राणूच्या शेपटीवर सुई दाबून त्याला स्थिर करायचं, सुईत ओढायचं आणि बीजात शिरायचं. आतला पडदा ताणत ताणत जातो आणि अचानक सुटतो. तो क्षण फक्त डोळ्यांना कळतो, कारण हात जॉयस्टिकवर असतात. इतकी वर्षं झाली तरी त्या क्षणी मी श्वास रोखून धरते.

दुसऱ्या सकाळी, साधारण 17 तासांनी, 8 बीजांत दोन-दोन केंद्रकं दिसली, म्हणजे फलन झालं. तिसऱ्या दिवशी 7 चांगले वाढत होते. तोवर गर्भ बहुतांशी बीजाच्या शिदोरीवर चालतो. त्यानंतर त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात आणि बरेच तिथेच थांबतात. बाई 37 वर्षांच्या. वय वाढतं तशा बीजांत गुणसूत्रांच्या चुका वाढतात. पाचव्या दिवशी एकच ब्लास्टोसिस्ट, म्हणजे गर्भाशयात सोडण्याइतका वाढलेला गर्भ, होता, आणि एक मागे पडलेला.

ट्रान्सफरच्या, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडण्याच्या, सकाळी मी फोन केला.

"मॅडम, चौदा होते ना? बाकीचे कुठे गेले?"

मी सगळं समजावलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या हळूच म्हणाल्या, "परवा मी जिना चढले होते. त्याने तर नाही ना झालं?"

"अहो, गर्भ इथे माझ्याकडे इनक्युबेटरमध्ये आहेत, 37 अंशांवर. तुमच्या जिन्याने त्यांना काहीही होणं शक्य नाही."

त्या रडायला लागल्या. पाच दिवस त्या घरात पाऊलसुद्धा जपून टाकत होत्या, आणि इतकी साधी गोष्ट त्यांना आमच्यापैकी एकानेही सांगितली नव्हती. मीसुद्धा नाही. कन्सेंटच्या कागदांवर मात्र त्यांच्या कितीतरी सह्या होत्या.

मागे पडलेला गर्भ टाकून द्यायचा का, असं सहकाऱ्याने विचारलं होतं. मी एक दिवस थांबले. सहाव्या दिवशी तो फुलला, ब्लास्टोसिस्ट झाला आणि मी तो गोठवला.

ट्रान्सफरनंतर बारा दिवसांनी बीटा, म्हणजे गर्भधारणेची रक्तचाचणी, निगेटिव्ह आली. तो फोन डॉक्टर करतात, मी करत नाही. करायला हवा होता का, हे अजून ठरत नाही.

सहाव्या दिवसाचा तो गर्भ उणे 196 अंशांवर टाकीत आहे. पुढच्या महिन्यात त्यांची तारीख आहे.