बेल्ट की डायरेक्ट ड्राइव्ह
आज दिवसभर डीजेइंगसाठी सेकंडहँड टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचे प्लेअर) बघितले आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, स्वस्त मिळतोय म्हणून बेल्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटर पट्ट्याने तबकडी फिरवते तो, घ्यायचा नाही. रेकॉर्ड बोटाने मागे ओढून सोडली की स्पीड पकडायला वेळ लागतो, तोवर बीट हातातून गेलेला असतो. शेजारीच जुना टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ होता, डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटर तबकडी थेट फिरवते, स्टार्ट दाबलं की सेकंदाच्या आत मिनिटाला ३३ फेऱ्यांवर स्थिर, काय सुख आहे राव! तिथल्याच एका डीजे सीडी प्लेअरचा पिच स्लायडर (गाण्याचा वेग कमीजास्त करायची सरकपट्टी) हळूहळू सरकवला तर आकडा मध्येच उड्या मारायला लागला, म्हणजे स्लायडर झिजलाय, तो सोडला. सीडी प्लेअर घेताना क्यू बटण (गाणं ठरवलेल्या जागी परत आणणारं) पण दहा वेळा तरी दाबून बघा. बजेट कमीच आहे, म्हणून आधी एकच चांगला डेक (टर्नटेबल) घेतोय, दुसरा नंतर.