खरखर

फोनच्या तारेवरूनच नेट जोडायचं, त्या डायल-अपच्या काळात घरी कॉम्प्युटर आला की घराला एक हक्काचा संशयित मिळायचा. नेट तुटलं, आळ त्याच्यावर. नवा, महागाचा आणि कुणालाच नीट न कळणारा. दोष चिकटायला एवढं पुरतं. "व्हायरस शिरला असेल", "रॅम कमी पडत असेल", "विंडोज पुन्हा टाकून बघ" अशी निदानं येणारे-जाणारे चहा पिता पिता करून जात. विंडोज पुन्हा टाकली जाई, निम्म्या फाइली गायब होत आणि संध्याकाळी नेट पुन्हा तुटे.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. तेही आधी मोठ्या शहरांत. आमच्या साताऱ्यातल्या घरात ते पोचलं, तोवर मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरला फोनच्या लाइनवर बोलायला लावणारे डबे, ५६ केचे (सेकंदाला ५६ किलोबिट वेगाचे) झाले होते. म्हणजे खोक्यावर तसं छापलेलं असे. डायलिंग, मग ती प्रसिद्ध किंचाळी, मग शांतता. त्यानंतर स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन चिमुकले मॉनिटर लुकलुकायला लागले की त्यांच्यावर माउस नेऊन वेग बघायचा. चाळीसच्या घरातला आकडा दिसला तरी घरात आनंद. ती किंचाळी काही उगाच नसे. टेलिफोनची लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढेच सूर धड पोचवते, माणसाच्या बोलण्यापुरते. त्या चिंचोळ्या बोळातून काय काय नेता येईल, याचा अंदाज दोन्हीकडचे मोडेम त्या आरडाओरड्यात घेत असत.

तुटण्याची काही कारणं लगेच सापडत. अर्धा तास काहीच हालचाल नसेल तर फोन ठेवून द्यायची सूचना विंडोजमध्येच असे. ती खूण काढून टाकली की झालं. स्वयंपाकघरातला, त्याच लाइनवरचा पॅरलल फोन आईने उचलला की काय होई, हे वेगळं सांगायला नको. "अगोबाई, तू आहेस होय!" असं ती रिसीव्हरमधल्या किंचाळीलाच म्हणायची.

कॉल वेटिंगचं प्रकरण जास्त मजेचं. बोलता बोलता मध्येच टुकटुक वाजलं की माणूस "जरा थांब हं" म्हणतो. मोडेमला ही रीत ठाऊक नाही. पलीकडचा सूर हरवला तर किती वेळ वाट बघायची, हे त्याच्या एस-१० नावाच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं असे, सेकंदाच्या दहाव्या भागात. तिथे बहुधा १४ असत. म्हणजे दीड सेकंदही नाही! कंट्रोल पॅनलमधून मोडेमच्या जादा सेटिंगच्या चौकटीत 'एस१०=५०' लिहिलं की त्याचा धीर पाच सेकंदांवर जाई. नुसता आकडा बदलून कुणाचा धीर वाढवता येतो, ही सोय मला फार आवडली होती. घरात आणखी एक-दोघांना असं रजिस्टर हवं होतं.

हे सगळं करूनही पावसाळ्यात लाइन तुटायचीच. तात्पुरता उपाय म्हणून मी मोडेमला ३३.६च्या वर जायलाच मनाई केली. पानं सावकाश उतरत, पण बऱ्यापैकी टिकत. पुढे आषाढात तेही जमेना, तेव्हा तक्रार नोंदवली आणि लाइनमन काका आले.

त्यांनी कॉम्प्युटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "त्यो ऱ्हाऊ द्या. रिसीव्हर उचला, एक आकडा दाबा आन् गप ऐका."

एक आकडा दाबला की डायल टोन थांबते आणि मग नुसती लाइन ऐकू येते. मी ऐकलं. तव्यावर पापड भाजावा तशी बारीक तडतड, मध्येच एखादा मोठा कडाका.

"किती दिवस हाय ही खरखर?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच सांगता येईना. "फोन म्हटलं की एवढं चालायचंच," बाबा म्हणाले. आणि खरंच, आमचं चालत होतं. पुण्याहून आत्याचा फोन आला की बाबा आपोआप आवाज चढवत. "कोण गेलं? अगं, गेलं की आलं?" असं करत करत गाडी पुढे जायची. चार शब्द कडाक्यात गेले तरी वाक्य आपण अंदाजाने पुरं करतो, कान जुळवून घेतात. मोडेमला अंदाज बांधता येत नाही. त्याच्याकडे माहिती तुकड्यातुकड्याने येते; तुकड्यातला एवढासा भाग बिघडला तरी तो अख्खा तुकडा पुन्हा मागवतो. मागवून मागवून वेग उतरतो, मग सगळी बोलणी पुन्हा पहिल्यापासून, आणि शेवटी तो फोन ठेवून देतो. घरात सगळ्यांत नाजूक म्हणून ज्याला नावं ठेवली, तो तेवढा एकटाच तक्रार करत होता.

काकांनी गल्लीतल्या खांबावरचा डीपी बॉक्स, म्हणजे घरोघरच्या फोनच्या तारा जोडलेली पेटी, उघडला. आत मुंग्यांचं वारूळच. आमच्या जोडावरची टेप सुटलेली, तांब्यावर हिरवा गंज. "फोन वाजून गेला की थोडा वेळ साफ ऐकू येतंय का न्हाई?" त्यांनी वरूनच विचारलं. येत होतं! एरवी तारेवर ४८ व्होल्टच्या आसपास दाब असतो, घंटी वाजताना त्यावर ७५च्या आसपास एसी चढतो. तेवढ्या धक्क्याने गंजलेला जोड घटकाभर नीट वागतो आणि मग पुन्हा मूळ पदावर. काकांनी तार कापली, सोलली, पीळ दिला, नवी टेप गुंडाळली आणि खाली उतरून चहासुद्धा न घेता गेले.

त्या रात्री मोडेमने ४४चा आकडा दाखवला आणि मी कंटाळून बंद करेपर्यंत नेट टिकलं. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. लाइन इतकी स्वच्छ होती की तिच्याकडच्या कुकरची शिटीसुद्धा ऐकू यावी. बाबा मात्र नेहमीच्याच पट्टीत. "अरे, ओरडतोस कशाला?" आत्याने विचारलं असावं, कारण बाबांनी रिसीव्हर तोंडाशी आणखी जवळ धरला आणि ओरडून सांगितलं, "लाइन खराब आहे गं, ताई!"