तुम्ही विचारलंत म्हणून: माउंटन बाइक आणि कालव्याचा काठ

"माउंटन बाइक आहे ना तुझी? मग कालव्याच्या सपाट काठानं काय फिरतेस?" दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी मला हे विचारतंच. कामावरची मंडळी विचारतात, नवी सायकल घ्यायच्या विचारात असलेले मित्र विचारतात. आत्या फोनवर तोच प्रश्न वेगळ्या काळजीनं विचारते: "अगं, पाण्याच्या कडेनं जातेस, तोल गेला म्हणजे?" आजवर मी सगळ्यांना घाईत अर्धवट उत्तरं देत आले. आज सावकाश सांगते.

मी दक्षिण इंग्लंडात राहते. माझी नेहमीची वाट केनेट अँड एव्हन कालव्याची. रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत हा जलमार्ग ८७ मैल, म्हणजे सुमारे १४० किलोमीटर जातो आणि त्यावर १०५ लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेला हौद, त्यातलं पाणी वाढवून-कमी करून नाव वर चढवतात किंवा खाली उतरवतात. जॉन रेनी या अभियंत्यानं आखलेला हा कालवा १८१० साली पूर्ण खुला झाला. आपल्याकडे कालवा म्हटलं की शेताचं पाणी आणि आवर्तन डोळ्यांपुढे येतं. इथले कालवे माल वाहण्यासाठी खणले. पाणी जवळजवळ स्थिर, त्यावर लांबट अरुंद नाव, आणि ती दोरीनं ओढत काठावरून चालणारा घोडा. त्या घोड्याची वाट म्हणजे टोपाथ. पुढे १८४१ मध्ये लंडन ते ब्रिस्टल रेल्वे झाली आणि माल तिकडे गेला. विसाव्या शतकात कालवा गाळानं भरला, लॉक मोडकळीला आले. लोकांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या सुट्ट्या खर्चून तो पुन्हा उपसला, आणि १९९० मध्ये तो परत खुला झाला. मी ज्या वाटेवरून जाते ती अशी दोनदा मिळालेली आहे, हे मी विसरत नाही.

आता सायकलीचं. माउंटन बाइक उंचीसाठी असते हा समज तिच्या नावामुळे झालाय. ती असते कच्च्या जमिनीसाठी. बाथ शहराच्या बाजूला हा टोपाथ खडी दाबून छान केलेला आहे, तिथे साधी सायकलही मजेत जाते. मी जाते ते बेडविन, पूझी या भागात. तिथे वाट गवताळ आणि अरुंद आहे, मधोमध चाकांची खोल चाकोरी, कडेला विलोच्या झाडांची मुळं, आणि पाऊस झाला की घोट्याएवढा चिखल. रुंद टायर, कमी हवा आणि पुढचं सस्पेन्शन यांचं काम तिथे पहिल्याच मैलात कळतं. मी टायरमध्ये २५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवते. माझ्या वजनाला ती पुरते.

आणि "सपाट" या शब्दाबद्दलही थोडं बोलायला हवं. दोन लॉकच्या मध्ये कालव्याचं पाणी एकाच पातळीवर असतं, त्यामुळे त्याचा सगळा चढ लॉकपाशी साठलेला असतो. बेडविनहून पश्चिमेला निघालं की क्रॉफ्टनला ओळीनं नऊ लॉक लागतात. प्रत्येकापाशी वाट एकदम आखडते आणि वर चढते, मग परत सपाट. माथा ओलांडून वुटन रिव्हर्सच्या खाली उतरलं की डिव्हायझेसपर्यंत १५ मैल एकही लॉक नाही. तिथे कालवा सरळ जात नाही. टेकडीच्या कुशीतून एकच उंची धरून तो वळत राहतो. नकाशावरची समोच्च रेषा पायाखाली कशी लागते, ते मला त्या पंधरा मैलांत कळलं. शाळेत भूगोलाच्या तासाला ती रेषा मी नुसती गिरवली होती.

पण या वाटेत माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो पुलांखालच्या कोपऱ्यांत. जुन्या पुलांच्या कमानीच्या कडेला, दगडात किंवा त्यावर बसवलेल्या लोखंडी पट्टीत, बोटभर खोल खाचा दिसतात. एकाखाली एक, तिरक्या. नाव वळणावर असताना घोडा पुढे गेलेला असे, दोरी ताणून कोपऱ्याला घासे. दोरी ओली, तिच्यात वाळूचे कण रुतलेले. अशा हजारो दोऱ्यांनी दगड कापलाय. पहिल्यांदा मी तिथे उतरले आणि खाचेत बोट घालून उभी राहिले. गुळगुळीत लागते ती. विहिरीच्या काठावर रहाटाआधीच्या काळातल्या दोरांनी पडलेल्या खाचा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना मी काय म्हणते ते लगेच समजेल.

त्याच कोपऱ्यांवर धोकाही आहे. वाट कमानीखाली शिरताना अरुंद होते, वळते, आणि पलीकडून कोण येतंय ते दिसत नाही. म्हणून पुलाआधी वेग कमी करायचा, घंटी दोनदा वाजवायची, जागा नसेल तर उतरायचं. हे मी शिकले ते एका चुकीतून. पहिल्या वर्षी एकदा मी भरधाव वळले आणि समोर एक वृद्ध गृहस्थ गळ टाकून बसलेले. इथे मासे धरायला फार लांब कार्बनची काठी वापरतात. मासा लागला की ती मागे सरकवतात आणि ती वाटेवर आडवी येते. मी ब्रेक दाबला, चाक घसरलं, आणि मी काठीपासून हातभर अंतरावर थांबले. ते काही बोलले नाहीत. फक्त काठी हळूच बाजूला घेतली, तिच्यावरून हात फिरवून पाहिलं, आणि मला जाऊ दिलं. मी माफी मागितली, पण त्यांचा तो काठीवरून फिरलेला हात अजून डोळ्यांपुढे आहे. टोपाथवर चालणाऱ्याचा मान पहिला, हा इथला नियम. सायकलवाले नंतर आलेले आहेत. माझ्या मते तो नियम योग्यच आहे. ज्याला वेगात जायचंय त्यानं दुसरी वाट बघावी.

क्रॉफ्टनला थांबल्याशिवाय मी पुढे जात नाही. कालव्याच्या माथ्यावर पाणी टिकत नाही, कारण प्रत्येक नाव लॉकमधून उतरताना थोडं पाणी खाली घेऊन जाते. ते परत वर चढवायला इथे वाफेचा पंप बसवला. १८१२ सालचं बोल्टन अँड वॅट कंपनीचं वाफेचं इंजिन अजून आपल्या मूळ इमारतीत आहे आणि ते काम आजही करू शकतं. रोजचं काम विजेचे पंप करतात, पण ठरावीक दिवशी त्याला वाफ देतात. तेव्हा तो प्रचंड तुळईसारखा दांडा वरखाली होताना बघावा.

पुढे ब्रूस बोगदा येतो. जमीनदार होता थॉमस ब्रूस, एल्सबरीचा अर्ल. आपल्या जमिनीतून उघडी खोल चर नको, असा त्यानं हट्ट धरला, म्हणून ५०२ यार्डांचा बोगदा खणावा लागला. आत टोपाथ नाही. इथे घोडा आणि नाव यांची ताटातूट व्हायची. नावाडी भिंतीतल्या साखळीला धरून नाव हातानं ओढत अंधारातून जायचे, आणि घोडा टेकडीवरून पलीकडे. आज मी सायकल घेऊन घोड्याच्याच वाटेनं वर चढते. पाणी दिसेनासं होतं आणि झाडं सुरू होतात. उत्तरेला थोड्याच अंतरावर सॅव्हरनेकचं जंगल आहे.

सॅव्हरनेकचा उल्लेख ९३४ सालच्या सनदेत आहे. तिथले ओक काही शतकांचे आहेत, एक तर हजार वर्षांच्या आसपासचा मानतात. खोड इतकं रुंद की ते झाड न वाटता घर वाटतं. बीच नावाच्या झाडांची एक सरळ रांग जवळजवळ चार मैल जाते. वरून उजेड हिरवा होऊन खाली येतो आणि टायरचा आवाजसुद्धा बदलतो, पालापाचोळ्यावर तो दबतो.

कालव्यावरून जंगलात शिरताना अंगाला दुसरी सवय लागते. काठावर मी नजर जवळ ठेवते, माणसं आणि दोरखुंट्या बघत. जंगलात नजर लांब टाकावी लागते. समोरच्या मुळाकडे बघत राहिलात तर त्यावरच जाल. ओलं मूळ काटकोनात ओलांडायचं, त्यावर असताना ब्रेक लावायचा नाही, पेडल आडवे ठेवून, कोपर सैल सोडून, सायकलीला खाली हलू द्यायचं. चिखलाचं डबकं आलं तर मधून जायचं. कडेनं गेलात की वाट रुंदावते, आणि मागून येणारा आणखी कडेनं जातो. एप्रिल-मे महिन्यांत इथल्या जुन्या जंगलांत जमिनीवर ब्लूबेलचा निळा गालिचा असतो. तुडवलेली ब्लूबेल सावरायला काही वर्षं घेते. तेवढ्या एका कारणासाठी वाट सोडायची नाही.

सायकल कुठे न्यावी याचा कायदा सोपा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या कायद्यानं घोड्यांच्या वाटांवर, म्हणजे ब्रायडलवेवर, सायकलला हक्क मिळाला. चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी जाऊ द्यायचं, एवढी अट. खांबावर निळा बाण असेल तर जा. पिवळा बाण फक्त चालणाऱ्यांचा. घोडा दिसला की लांबूनच थांबून मोठ्यानं बोलायचं, म्हणजे मागून येतंय ते माणूस आहे हे घोड्याला कळतं. दोन शब्द बोलले तरी तो शांत होतो.

काट्यांचं मात्र सांगायलाच हवं. कडेच्या कुंपणाला हॉथॉर्न असतो आणि शरद-हिवाळ्यात तो छाटतात. काटे वाटेवर पडतात, आणि ते बाभळीच्या काट्याची आठवण करून देतात. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, घातल्यापासून मी कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर बसून पंक्चर काढलेलं नाही.

आत्या, आता तुझं. पाणी बहुतेक ठिकाणी फार खोल नाही, पण थंड आहे. म्हणून मी शक्यतो कुंपणाच्या बाजूनं चालवते, आणि कोणी समोरून आलं की पाय टेकून थांबते. कालव्याच्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, तेव्हा घरी येऊन हात धुतल्याशिवाय काही खात नाही. जखम असेल तर झाकून जाते.

यंदा मे महिन्यात येतेस ना? बेडविनच्या स्टेशनवर उतरू. तू सायकल नकोच घेऊ, मी माझी हातात धरून तुझ्या बरोबरीनं चालेन. क्रॉफ्टनचा पंप पाऊण तासावर आहे, आणि वाटेत जो पहिला जुना दगडी पूल लागेल त्याच्या कोपऱ्यावर खाचा आहेत का ते दोघी मिळून शोधू.